आधी मालिका

ओस्मेल दर शनिवारी हवानातल्या आमच्या गल्लीत घरोघर हिंडून लोकांच्या हार्ड डिस्कमध्ये आठवड्याच्या मालिका भरून देतो. परवा शेजारच्या मिग्दालियानं त्याच्यासमोर नवी डिस्क ठेवली. जुनी खरखरत होती. "सगळं हिच्यात घे. पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाचं शूटिंग फक्त जुनीतच आहे." पोर मायामीकडे होडीनं निघाली ती पोचलीच नाही. ओस्मेलनं सवयीनं आधी जुनीतली तुर्की मालिका नवीत घेतली. सगळ्यांना तीच हवी असते. शेवटचा भाग उतरला आणि जुनी डिस्क कायमची बंद पडली. "वाढदिवस आला?" तिनं विचारलं. "नाही, मावशी." त्याची मान वर होईना. "नुसती मालिका आली." तिनं जुन्या डिस्कवर हात ठेवला. "मग तीच लाव," ती म्हणाली. "पोर रोज माझ्या मांडीवर डोकं ठेवून बघायची. शेवट काय होतो, ते तिला कळलंच नाही."