तीन चौकटींची आई

“आईला वाकव,” सुदर्शन म्हणाला. “न्हाईतर ती दारातनं आत यायची न्हाई.”

सृष्टीनं मान वर केली नाही. दोघं भावंडं घरच्या कॉम्प्युटरवर साहसाचा गेम बनवत होती. प्रोग्रॅम थोरल्याचा, चित्रं धाकटीची. गेममधलं गाव म्हणजे त्यांचं यवतच. सुदर्शनचा नियम साधा होता : पडद्यावरच्या चौकटींच्या जाळीत माणूस दोन चौकटी उंच, दारही दोन चौकटींचं. ढाबेवाला, कंडक्टर, चोर सगळे त्या मापात बसले. सरपंचसुद्धा कुरकुर न करता बसले. आई तेवढी बसेना. डोक्यावर शेवंतीच्या फुलांनी भरलेलं प्लॅस्टिकचं कॅरेट घेतलेली आई तीन चौकटी भरली.

“मग कॅरेट काढ की.”

“कॅरेट काढल्यावर आई वळखायची कशी?”

“मग बारकी कर. तिला काम काय हाय? घरात यायचं, हिरोला भाकरी द्यायची. संपलं.”

सृष्टीनं बारकी करून पाहिलं. आधी नाक गेलं, मग डोळे. कपाळावर कुंकवाचा एकच ठिपका होता, तोही गेला. उरलं ते पाय फुटलेलं कॅरेट. सृष्टीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं ते सगळं खोडलं आणि आई पुन्हा तीन चौकटींची काढली. मान ताठ. वर पदरही खोचून दिला.

“न्हाई वाकवत जा!”

“येडी का खुळी? एका चित्रापायी गावातली समदी दारं बदलू व्हय मी? संध्याकाळी गेम स्पर्धेला पाठवायचाय. आन् खरी आई तरी कुठं ताठ येती? वाकूनच येती की!”

तेवढ्यात खरी आई, ताईबाई, शेतातनं आली. दारापाशी सवयीनं गुडघ्यात वाकली, मान तिरकी केली, एका हातानं डोक्यावरचं कॅरेट सावरलं. तरी ते वरच्या चौकटीला घासलंच. चार फुलं उंबऱ्यावर पडली.

“दार बुटकं हाय मेलं,” ती म्हणाली. “लगीन होऊन आले तवापासनं सांगती. कुणी ऐकतंय व्हय?”

आणि ती आत निघून गेली. सुदर्शन उंबऱ्यावरच्या फुलांकडं बघत राहिला.

सृष्टीनं कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला. “आता तरी ऐकलंस का?”

“लई येळ जाईल गं.”

“जाऊ दे.”

तो पुटपुटत कामाला लागला. एकेक करत गावातलं प्रत्येक दार तीन चौकटींचं झालं. मग त्यानं आईला चालवलं. ती ताठ मानेनं आत गेली. कॅरेट कुठं घासलं नाही, एक फूल पडलं नाही.

तिच्यामागनं हिरो आला. एवढ्या मोठ्या दारात तो अंगणवाडीतलं पोर दिसायला लागला.

“माझा हिरो बुटका झाला की!”

“असू दे,” सृष्टी म्हणाली. “आईच्या हातची भाकरी खाईल, वाढंल.”