विसावं नाव

"पेन्सिली दोन घेतल्यास ना?" सासूबाईंनी विचारलं. "आणि निघा लवकर. आज उशीर झाला तर बाई कान धरतील."

ठकीच्या आईनं पिशवी उघडून दाखवली. दोन पेन्सिली, खोडरबर, वही, पाण्याची बाटली. मग ती खाली बसून ठकीच्या बुटांचे बंद बांधू लागली. गाठ दोनदा सुटली.

"सात आठे?" काजावरची नजर न हलवता सासूबाईंनी विचारलं.

"छप्पन्न," ठकीच्या आईनं परस्पर सांगून टाकलं.

"ऐकलंस ना, ठके?" सासूबाई गालात हसल्या.

शिलाईचं काम खरं तर ठकीच्या आईचं. पण शाळा सुरू झाल्यापासून सकाळची काज-बटणं सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतली होती. डोळ्यांना सुई दिसली नाही तर शेजारणीकडून दोरा ओवून घेत, पण आज राहू दे, घरी थांब, असं एकदाही त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

बाई घरी आल्या होत्या तो दिवस ठकीच्या आईला अजून जसाच्या तसा आठवत होता. बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि गरज पडली तर घंटा वाजवणाऱ्याही. दुरुस्तीच्या सरकारी निधीसाठी त्यांनी तीन वर्षांत तीन अर्ज केले होते. तिन्ही परत आले. पटावर वीस विद्यार्थी हवेत, शाळेत एकोणीस. एवढ्याशा शाळेवर खर्च नको, मुलं मोठ्या शाळेत पाठवा, असं उत्तर. मोठी शाळा सहा किलोमीटरवर, ट्रक धावतात त्या रस्त्यापलीकडे. पुढच्या वर्षी ठकीला रोज तिथे पाठवायला तिची आई तयार नव्हती.

आणि ठकीचं वय पाऊण वर्षानं अडत होतं.

"पाच वर्षं पूर्ण असावीत," नियमांच्या पुस्तिकेवर बोट ठेवून बाई म्हणाल्या होत्या. "वयाबद्दल एवढंच लिहिलंय."

बाई एकदा ठकीकडे बघायच्या, एकदा तिच्या आईकडे. शेवटी सासूबाईंनीच हातातलं काम खाली ठेवलं.

"लिहा नाव," त्या म्हणाल्या. "जाईल ती. लोकांना हसायचं तर हसू दे."

त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन ठकीची आई खूप रडली. तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून. तेव्हा तिच्यासाठी असं कोणी बोललं नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांत एक दिवस चुकला नाही. ताप असला तरी नाही.

शाळेच्या दोन खोल्यांपैकी एकीला कुलूप होतं. दुसरीची तुळई मोडलेली, म्हणून वर्गाच्या मधोमध लाकडी टेकू उभा केलेला. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं खांबू. ठकी एकटी बसत नसे, म्हणून तिची आई तिला घेऊन मागच्या बाकावर बसली. बाक बुटका, आईचे गुडघे फळीला लागत होते.

चौथ्या अर्जावरून तपासणीचे साहेब दहाला आले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, टेप लावून भेगा मोजल्या. छताकडे बघताना थोडा चुना त्यांच्याच चष्म्यावर पडला. तो पुसत ते बाईंना म्हणाले, दुरुस्ती हवी यात वादच नाही.

"पण मला पट बघावा लागतो. वय पाच पूर्ण आणि तीन महिने रोजची हजेरी. बाकी कशाशी माझा संबंध नाही."

"खांबूला धरून आम्ही आधीपासून वीसच आहोत," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. साहेबांनाही हसू आलं. मग ते डोकी मोजत मागे आले आणि ठकीपाशी थांबले.

"तुझं वय काय गं?"

ठकीनं चार बोटं दाखवली. थोडा विचार करून अंगठा अर्धाच उघडला. "साडेचार."

खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पालकांत कुजबुज झाली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, तुमच्याबद्दल चांगलं ऐकून आलो होतो. मला फसवू नका."

"तिचं नाव पटावर नाहीच, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती नुसती सोबत येते. तुम्ही हजेरी घ्या."

साहेबांनी हजेरीपत्रक ओढून घेतलं आणि उभ्यानंच एकेक नाव वाचायला लागले. हजर, हजर, हजर. कोणी जोरात, कोणी लाजत. ठकीच्या आईला उगाच सासूबाई आठवल्या, खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून काज शिवणाऱ्या. तिनं वही छातीशी धरली. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी एवढं केलं, आता आवाज फुटला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

एकोणीस झाली. साहेबांनी विसावं नाव वाचलं, इयत्ता तिसरी, जन्मतारीख वाचली आणि चष्मा काढून ती पुन्हा वाचली.

मागच्या बाकावरून ठकीची आई उठली. फळीखालून गुडघे सोडवायला तिला जरा वेळ लागला.

"हजर," ती म्हणाली.