अस्वलाचे रोडगे

देवीदास ड्यूटीवरून आला तेव्हा नलू परातीपुढं पुस्तक उघडून बसलेली. "बाबा, आज अस्वलाचे रोडगे!" भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रशियन इंजिनिअरच्या बायकोनं दिलेलं ते चित्रांचं पुस्तक. त्यातलं एक अक्षरही घरात कुणाला कळत नव्हतं. नलूची आई चित्रं पाहून गोष्ट रचायची, मग मायलेकी गोष्टीतलं रांधायच्या. आईला जाऊन महिना झालेला. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं देवीदासनं तिला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. त्यानं कणीक मळायला घेतली. नलूनं शेवटचं पान काढलं. चित्रात मोठं अस्वल अन् पिल्लू. "याची आई कुठं?" त्यानं विचारलं. "हे पान आईनं दवाखान्यात जायच्या दिवशी वाचलं." बोट ठेवून नलू वाचू लागली, "आता बाबा रोडगे करते. बाबा मीठ टाकाले भुलते. पिलानं सांगाव, रडाव नाही." देवीदासचे कणकेतले हात थांबले. मीठ त्यानं टाकलंच नव्हतं.