बुटकी खुर्ची

सुनेने जुन्या बाजारातून खुर्ची आणली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हे काय ध्यान उचलून आणलंस?" लाकूड अस्सल सागवान, पण कुणीतरी चारही पाय कापून तिला बुटकी करून ठेवलेली, म्हणून तर ती स्वस्तात पदरात पडली. सुनेने पॉलिश पेपरने घासून घासून जुना रंग उतरवला, वर पॉलिशचे दोन हात दिले. ते वाळलं. आता पायांखाली ठोकळे ठोकले की काम फत्ते.

ठेंगण्याठुसक्या सासूबाई जेवणाच्या टेबलापाशी, नेहमीसारख्या खुर्चीच्या अगदी कडेला बसून देखरेख करत होत्या. खोट दिसली की ताडकन उठता यावं म्हणून त्या अशा बसतात, असं सुनेचं ठाम मत होतं.

ठोकळे कापून ती परत आली, तर सासूबाई त्या बुटक्या खुर्चीत पाठ टेकून गाढ झोपलेल्या. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकलेली. सून त्या पावलांकडे बघतच राहिली. घरातल्या एकाही खुर्चीवरून ती पावलं कधी जमिनीला पोचली नव्हती.

तिने खुर्चीला हात लावला नाही. बाहेर जाऊन ठोकळ्यांवर एक फळी ठोकली आणि ती जेवणाच्या टेबलाखाली, सासूबाईंच्या जागेपाशी सरकवून ठेवली.

जेवताना सासूबाईंचे पाय फळीला लागले. त्या क्षणभर थबकल्या. मग मागे सरकल्या, पाठ टेकून ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी पडलंय हं, सूनबाई."