फ्राऊ शाफरचा कॅमेरा

शेजारच्या बागेतल्या फ्राऊ शाफर आजही कुंपणाशी वाकल्या होत्या. हातात कॅमेरा, आणि नेम थेट नागेशच्या गवतावर.

"बघ, आज चौथा दिवस!" टोमॅटोच्या वाफ्याआडून नागेश पुटपुटला. "पुरावे गोळा करतेय म्हातारी."

"अरे, मग सरळ विचार ना त्यांना," त्याची बायको ऊर्मिला म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात? उद्या बागांच्या समितीची पाहणी. गवत गुडघ्याला लागतंय. फोटो दाखवले की गेली आपली बाग!"

जर्मनीतल्या येना शहराच्या टेकडीवरचा हा तुकडा भाड्याने मिळायला चार वर्षं यादीत थांबावं लागलं होतं. ऊर्मिलाची मेथी, आंबट चुका, कुंडीतला हट्टी कढीपत्ता, सगळं इथेच. बाग अस्ताव्यस्त असल्याची एक तक्रार आधीच झाली होती. दुसरी झाली की करार संपला. तक्रार कुणी केली ते समिती सांगत नाही. पण नागेशला सांगायची गरजच काय होती? कॅमेरा दिसत होता ना समोर.

शनिवारी सकाळीच त्याने गवत कापायचं मशीन काढलं. अर्ध्या तासात सगळं सपाट. कोपऱ्यात शेवाळाचा एक गोळा आडवा आला, तोही उडवला. "आता काढ म्हणावं फोटो!"

दहा वाजता फ्राऊ शाफर फाइल घेऊन आल्या. चेहरा नुसता फुललेला. फाटकातूनच नागेशशी बोलायला लागल्या.

"मिस्टर पाठारे, आता तक्रार करणाऱ्यांची तोंडं बंद! तुमच्या गवतातल्या शेवाळाच्या गोळ्यात ग्रासहुमेलचं घरटं आहे. फार थोडे उरलेत हो हे भुंगे. दिसतात इतर लाल शेपटीच्या भुंग्यांसारखेच, फक्त मागच्या पायावरचे केस लालसर. तेवढे टिपायला मला चार दिवस लागले. काल विद्यापीठानेही खात्री दिली. समितीला दाखवू, म्हणजे या गवताला कुणी हात लावणार नाही."

मग त्यांनी खाली पाहिलं.

ऊर्मिलाने नागेशकडे बघायचंही टाळलं. कापलेल्या गवतावर लाल शेपटीचा एक काळा भुंगा उतरत होता, उडत होता, पुन्हा तिथेच उतरत होता. पायांना परागांचे गोळे तसेच होते.

अकराला समिती आली. अध्यक्षांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि नागेशची पाठ थोपटली.

"हां, आता कशी बाग वाटते!"

फ्राऊ शाफरनी फाइल मिटली.