सगळी शून्यं

"पाच मिनिटांत आलेच," म्हणत तिनं मुलीला गाडी थांबवायला लावली आणि झुडपांत शिरली. अक्षांश-रेखांश जिथं नेमके पूर्ण अंशांत येतात, दशांशचिन्हापुढं नुसती शून्यं, त्या जागा शोधायचं नवऱ्याला भारी वेड. ती मात्र कपाळाला आठ्या घालून गाडीतच विणत बसायची. ही एकच जागा राहिली, आणि तो गेला.

काट्यांतून वाट काढत ती पोचली. मोबाईलवर सगळी शून्यं जुळली. वळून पाहते तर गाडी इथून लख्ख दिसत होती. तो करायचा म्हणे, तसा तिनं हात उंच करून हलवला.

परतल्यावर तिनं विचारलं, "तिथून हात केला होता. दिसले का गं?"

"दिसलीस की," मोबाईलमधून मान वर न काढता मुलगी म्हणाली.

विणकामातून मान वर न काढता तीही त्याला दर वेळी हेच सांगत आली होती.