दोन ते चारचा पहारा

सरका जवळ, अजून थोडं. पोथीतली नाही, आमच्या धनजच्या देवळातली गोष्ट सांगतो. छोटीच आहे, मध्येच उठू नका.

दोन वाजायला पाच मिनिटं होती आणि योगिनीच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहाचा पाचवा दिवस. सात दिवस ही वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन-दोन तासांचे पहारे. गडीमाणसं सोयाबीन काढायला गेलेली, म्हणून यंदा दुपारचे पहारे पोरींवर आणि म्हाताऱ्यांवर आलेले. बारा ते दोन योगिनी, दोन ते चार लखमाकाका. काका अजून आले नव्हते.

आणि फोनवर निरोप आला होता. चार वाजताची मुलाखत दोनलाच घेणार.

योगिनी कारंज्याच्या कॉलेजात संगणक शिकते, शेवटचं वर्ष. अकरा ठिकाणी अर्ज केले, बोलावणं एकाच ठिकाणाहून. पुण्यातली कंपनी, दवाखान्यांचे संगणक लांबून सांभाळणारी. इथंही जमलं नाही तर परीक्षेनंतर रिसोडला मामाच्या कापडदुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

सभामंडपात दुसरं माणूस एकच. गोजराबाई, खांबाला टेकून वाती वळत बसलेली. तिचे गुडघे गेलेले. वीणा घेऊन उभी राहिली असती तर खांबाला घेऊन पडली असती.

"माय, एवढा फोन धर. माझ्या तोंडासमोर."

"धरतो. पण मले काही विचारलं तं मी सांगणार नाही."

गोजराबाई दाराकडे पाठ करून बसली, फोनचा हात उंच धरून. बरोबर दोन वाजता पडद्यावर पुण्याच्या मॅडम आल्या.

पुढची अर्धी घटका कशी गेली ते योगिनीला आजही नीट सांगता येत नाही. कवडशातून उदबत्तीचा धूर सावकाश वर चढत होता. बोट तारेवर आपोआप पडत होतं. आत नाम चालू होतं आणि ओठांवर सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप. आपण दोन ठिकाणी उभ्या आहोत आणि दोन्हीकडे पुरत्या आहोत, असं तिला वाटलं. प्रश्न फार लांबून यायचे, तारेच्या गुंजनातून वाट काढत. उत्तरं तिची वाट न पाहता निघून जायची. भीती म्हणून जी गोष्ट ती महिनाभर उशाशी घेऊन निजली होती, ती कुठं सांडली कोण जाणे.

मग मॅडम म्हणाल्या, "आता एक छोटा प्रोग्रॅम कागदावर लिहून दाखवा."

एक हात वीणेला, एक तारेला. योगिनी तशीच उभी राहिली.

"ते वाद्य खाली ठेवा ना. दोन मिनिटांचं काम आहे. तिथं बघतंय कोण?"

गोजराबाईनं गच्च डोळे मिटले. "ठेव बाई. मी नाही पाहून राह्यली."

योगिनीनं दाराकडे पाहिलं. दारात नुसतं ऊन होतं. मामाच्या दुकानातले कापडाचे तागे एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून उलगडत गेले.

"नाही ठेवता येत, मॅडम. पुढच्या माणसानं गळ्यात घेतल्याशिवाय ही निघत नाही."

"आणि पुढचा आलाच नाही तर?"

"तर मी आहे ना."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "बरं. कळवू." पडदा काळा झाला.

"लागली का?" गोजराबाईनं एक डोळा उघडला.

"गेली, माय."

तेव्हा लखमाकाका आत आले. वीणेच्या पाया पडले, योगिनीच्या पाया पडले आणि वीणा गळ्यात घेतली.

"काका, काहून उशीर केला?"

"उशीर कायचा? दोनच्या ठोक्याले आलो. पायरीवर उभा होतो, दाराच्या बाजूनं. तू नाम घेता घेता गोजराबाईले काही सांगून राह्यली होती. चालत्या निरूपणात घुसाव का माणसानं? जल्मात नाही घुसलो मी."

योगिनीनं मग ते निरूपण कशाचं होतं ते सांगितलं. काकांचं बोट तारेवर थबकलं, पुन्हा चालू झालं.

"म्हंजे मी आत आलो असतो तं तुले लिहिता आलं असतं?"

योगिनीनं गोजराबाईच्या हातून फोन घेतला.

काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. काल्याच्या दिवशी पंगतीला बसले, पण पत्रावळीला हात लावेनात. "पोरीचं नुकसान केलं मी," एवढंच म्हणत. भात निवून गेला. आणि त्याच पंगतीत योगिनी वाढत असताना तिचा फोन वाजला.

"तो पुढचा माणूस आला का हो शेवटी?" मॅडमनी पहिलं हेच विचारलं.

"आधीच आला होता, मॅडम. मी बोलत होते म्हणून बाहेर थांबला."

मॅडम म्हणाल्या, "चांगले प्रोग्रॅम लिहिणारी तीस मुलं होती त्या दिवशी. तुम्ही लिहिला असता तर एकतिसाव्या झाला असतात. आमच्याकडे दिवसरात्र शिफ्ट असतात. पुढचा येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे मला एकेकाला सहा महिने शिकवावं लागतं. परीक्षा आटोपली की या."

योगिनी भात वाढायचा डाव हातात धरून तशीच लखमाकाकांसमोर जाऊन बसली आणि त्यांना जेवा म्हणाली.

ती आता पुण्यात आहे. तुम्ही कधी धनजला आलात, तर आधी देवाला हात जोडा, आणि मग पायरीवर, दाराच्या बाजूला, क्षणभर लखमाकाकांची आठवण काढा. माणूस वेळेवर आला होता. एक पाऊल आत टाकलं असतं, तर आमची योगिनी आज रिसोडात कापड मोजत असती.